हत्तीच्या पोटातले घटिकापात्र : १३१५ सालच्या एका पानाविषयी शंका

खानापूरकर (खानापूर)

नमस्कार. प्रश्न न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील एका पानाचा आहे, पण त्याची सुरुवात आमच्या माळ्यावर झाली, म्हणून आधी तिथूनच सांगतो.

पुतणीच्या लग्नाची तयारी चालू असताना आईने माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ आणि त्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले घटिकापात्र खाली काढायला लावले. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. घटिकापात्र म्हणजे पातळ पत्र्याची वाटी असते आणि तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. ती घंगाळातल्या पाण्यावर अलगद सोडली की भोकातून पाणी आत येऊ लागते, वाटी जड होत जाते आणि भरली की बुडते. बुडाली म्हणजे एक घटका झाली, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. आमच्या घरी आता मुहूर्त मोबाइलवर पाहतात आणि पात्राला फक्त हळदकुंकू वाहतात. आजोबांच्या वेळी मात्र घटका खरोखरच भरत असे आणि पात्रापाशी एक जबाबदार माणूस बसवलेला असे. तो उठला किंवा त्याला डुलकी लागली तर भटजी त्याला सर्वांदेखत बोलत, असे आई सांगते.

त्या पात्राचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील एका पानाचे चित्र पाठवले. कागदावर रंग आणि सोने वापरून काढलेला एक हत्ती आहे. त्याच्या मानेवर माहूत आहे, पाठीवर हातात लेखणी घेतलेला एक लेखनिक बसला आहे, त्याच्यावर अंबारीसारखा मनोरा आहे, मनोऱ्यात वळसे घातलेले दोन सर्प आहेत, त्यांच्यावर एक मनुष्य बसला आहे आणि सर्वांत वर घुमटावर एक पक्षी आहे. सोबतच्या माहितीत हे पान अल-जझरी याच्या यंत्रांवरील ग्रंथाच्या हिजरी ७१५, म्हणजे इ. स. १३१५ मधील प्रतीतले असल्याचे, आणि चित्रातले यंत्र पाण्यावर चालणारे घड्याळ असल्याचे म्हटले आहे. दर अर्ध्या तासाने वरचा पक्षी शीळ घालतो, खालचा मनुष्य सर्पाच्या तोंडात गोळी टाकतो आणि माहूत हत्तीला टोला देतो. बहिणीने खाली एवढेच लिहिले होते, 'दादा, हे आपल्या पात्राचे चुलत भावंड दिसते.'

मी चित्र मोठे करून बराच वेळ पाहिले, पण मला त्यात पाण्याचा एक थेंबही दिसला नाही. मग हे घड्याळ चालते कशावर? हत्ती आहे म्हणून हे आपल्याकडचे चित्र समजायचे का? आणि बहिणीने जे सहज लिहिले त्यात काही तथ्य आहे, की दोन्हींत पाणी आहे एवढेच साम्य आहे? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

---

तरफ (टिळकवाडी, बेळगाव)

खानापूरकर, आपल्याला पाणी दिसले नाही, कारण ते हत्तीच्या पोटात आहे. मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आणि हे हत्तीचे घड्याळ मी वर्गात कित्येक वेळा फळ्यावर काढले आहे, त्यामुळे उत्तर लांबले तर क्षमा करावी.

हत्तीचे पोट ही एक टाकी आहे. टाकीतल्या पाण्यावर तळाला भोक असलेली एक वाटी तरंगते. अल-जझरीच्या अरबी मजकुरात तिला 'तर्जहार' म्हटले आहे. भोक असे मोजून पाडलेले आहे की वाटी अर्ध्या तासात भरून बुडावी. म्हणजे आपल्या बहिणीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. बाहेरचा सगळा थाट बाजूला केला तर या यंत्राचे काळीज म्हणजे आपल्या घंगाळातली तीच वाटी होय.

पण फरकही तिथूनच सुरू होतो. आपली वाटी पाण्यावर मोकळी सोडलेली असते. जझरीची वाटी दुव्यांनी टाकीच्या कडेला जोडलेली आहे आणि तिला बांधलेल्या दोऱ्या वरच्या मनोऱ्यात गेल्या आहेत. वाटी सावकाश खाली जात असताना एक दोरी लेखनिकाला हळूहळू फिरवते आणि त्याच्या लेखणीचे टोक समोरच्या खुणांवरून सरकत जाते. अर्ध्या तासात ते साडेसात अंश सरकते, कारण आकाश तासाला पंधरा अंश फिरते. म्हणजे मधल्या वेळेचा अंदाज लेखणीवरून घेता येतो, वाटी बुडण्याची वाट पाहावी लागत नाही. वाटी शेवटी गचकन बुडते तेव्हा दोरीला हिसका बसतो आणि घुमटाखालच्या साठ्यातून धातूची एक गोळी सुटते. पक्षी शीळ घालतो, वर बसलेला मनुष्य हात हलवतो आणि त्याच्या बाजूच्या ससाण्याच्या चोचीतून ती गोळी सर्पाच्या जबड्यात पडते.

आता खरी गंमत पाहा. सर्प आडव्या आसावर तोलून बसवलेला आहे. जबड्यात गोळी पडताच त्याचे डोके जड होते आणि तो तागडीच्या पारड्यासारखा खाली झुकतो. झुकताना तो साखळीने पोटातली बुडालेली वाटी वर उचलतो आणि तिच्यातले पाणी ओतून टाकतो. खाली पोचल्यावर गोळी त्याच्या तोंडातून कलशात पडते, माहुताचे हात हलतात, गोळी पुढे जाऊन थाळीवर आपटते आणि वेळ झाल्याचा नाद होतो. गोळी गेल्यामुळे सर्प हलका होऊन पुन्हा वर जातो, साखळी सैल पडते, रिकामी वाटी पाण्यावर आडवी येते आणि पुढचा अर्धा तास सुरू होतो. साठ्यात गोळ्या असेपर्यंत कोणी हात लावायची गरज नाही.

आपल्या आजोबांच्या वेळी पात्रापाशी जो माणूस बसत असे, त्याला तीन कामे होती. वाटी बुडाली की नाही ते पाहायचे, बुडाली की ती उचलून ओतून पुन्हा सोडायची, आणि झालेली घटका सर्वांना कळवायची. जझरीने ही तिन्ही कामे वाटीच्या बुडण्यालाच करायला लावली. लोक या चित्रातल्या पक्ष्याचे आणि माहुताचे कौतुक करतात. माझ्या मते कौतुक करायचे ते सर्पाचे, कारण दिसायला तो नुसता शोभेचा असला तरी यंत्र पुन्हा मूळ स्थितीला आणण्याचे सगळे काम तोच करतो. विद्यार्थ्यांना मी विचारत असे की या चित्रातून एकच प्राणी काढून टाकायचा असेल तर कोणता काढाल. बहुतेक जण सर्प म्हणत आणि घड्याळ पहिल्याच अर्ध्या तासानंतर बंद पडत असे.

चित्राविषयी थोडे. जझरी हा आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर, म्हणजे त्या काळच्या आमिद येथे अर्तुकी राजांच्या पदरी होता. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर, राजा नासिरुद्दीन महमूद याच्या सांगण्यावरून त्याने हा ग्रंथ लिहिला आणि १२०६ मध्ये पूर्ण केला. त्यात घड्याळे, मेजवानीची पात्रे, हात धुण्याची आणि रक्त काढताना वापरायची भांडी, कारंजी, पाणी उपसण्याची यंत्रे अशी मिळून ५० उपकरणे आहेत आणि प्रत्येक कसे बनवायचे ते कारागिराला सांगावे तसे सांगितले आहे. न्यूयॉर्कचे पान हे त्या मूळ प्रतीतले नाही. ते शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, बहुधा सीरियात, फर्रुख इब्न अब्दुल लतीफ याने नकललेल्या प्रतीतले आहे. ती प्रत पुढे सुटी झाली आणि तिची पाने वेगवेगळ्या संग्रहांत गेली. काही वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहेत. ग्रंथाची सर्वांत जुनी ज्ञात प्रत इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात आहे आणि ती १२०६ चीच आहे.

आपल्या गावाच्या हिशेबाने काळ सांगायचा तर बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथले जैन मंदिर, १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने बांधलेली. तिच्या छतातले दगडी कमळ कोरून होते न होते तोच तिकडे आमिदमध्ये हा हत्ती कागदावर उतरत होता.

---

घटप्रभा (गोकाक)

म्हणजे सरळ म्हणा की घटिकापात्र आपले आणि त्यावर सोन्याची झूल घालून नाव त्यांनी केले. आपल्या पूर्वजांची विद्या बाहेर जाते आणि आपण ती संग्रहालयाच्या काचेआड पाहून टाळ्या वाजवतो, हे नेहमीचेच आहे.

---

पंचांगी (निपाणी)

घटप्रभा यांच्या अभिमानाला माझी हरकत नाही, पण तो नेमक्या जागी ठेवायला हवा. चार पिढ्या लग्ने लावणाऱ्या घरातला असल्याने घटिकापात्राशी माझा रोजचा संबंध आहे, तेव्हा आधी आपल्या बाजूचे सांगतो.

सूर्यसिद्धांतात याला कपालयंत्र म्हटले आहे. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र निर्मळ पाण्याच्या कुंडात ठेवावे, ते अहोरात्रात साठ वेळा बुडते, इतके थोडक्यात ते सांगितले आहे. सातव्या शतकात नालंदा येथे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने विहारातला दिनक्रम अशाच पात्रावर चालत असल्याचे आणि पात्र बुडाले की नगारा वाजवला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे जझरीच्या पाचशे वर्षे आधी आपल्याकडे हे यंत्र नुसते माहीत नव्हते, रोजच्या वापरात होते.

जुन्या ग्रंथांत या पात्राचे माप फार काटेकोर दिले आहे. दहा पळे (पळ हे इथे जुने वजन) तांबे, सहा अंगुळे उंची, बारा अंगुळे रुंदी, आणि छिद्र पाडायची सोन्याची सुई वजनाने सव्वातीन मासे आणि वर थोडी, चार अंगुळे लांब. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिताना या मापांना बाजूला सारले. असे पात्र घडवणे अवघड आणि त्या मापांमागे युक्तीही नाही, असे त्यांचे मत होते. त्यांचा मार्ग सोपा आहे. अर्ध्या घटाच्या आकाराचे तांब्याचे पात्र घ्यावे, तळाला छिद्र पाडावे, ते एका अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे, आणि अहोरात्राला त्या संख्येने भागावे. आले ते त्या पात्राचे माप. पात्र ग्रंथाप्रमाणे घडवण्यापेक्षा पात्रालाच त्याचे माप विचारावे, असा हा विचार आहे. भास्कराचार्यांचे मूळ गाव बिज्जडविड हे विजापूर की खानदेशातले, हा वाद जुना आहे. तो इथे उकरत नाही, नाहीतर मूळ प्रश्न बाजूला राहील.

आता हत्तीच्या वाटीचे माप आपल्या भाषेत. अहोरात्राचे ३६० अंश धरले तर आपली एक घटका सहा अंशांची. जझरीचा अर्धा तास साडेसात अंशांचा, म्हणजे सव्वा घटका, किंवा काळाच्या हिशेबातली ७५ पळे (साठ पळांची एक घटका). आपली वाटी दिवसरात्रीत साठ वेळा बुडते, त्याची अठ्ठेचाळीस वेळा बुडेल. मी मुद्दाम हा हिशेब मांडला, कारण त्याने आपले पात्र जसेच्या तसे उचलले असते तर घटकाही उचलली असती. त्याने भोक त्याच्या स्वतःच्या कालगणनेला जुळवून पाडले आहे.

आणि त्याने कोणाचे ऋण लपवले असेही दिसत नाही. एका घड्याळाच्या बाबतीत तो अर्शमीदसाच्या, म्हणजे आर्किमिडीजच्या, नावावर असलेल्या ग्रीक रचनेचा आधार सांगतो, बगदादच्या बनू मूसा बंधूंचे नाव घेतो, आणि पूर्वीच्यांच्या ज्या रचना करून पाहिल्या गेल्या नव्हत्या त्यांवर विसंबायचे नाही असेही बजावतो. घटप्रभा, आपल्या भास्कराचार्यांनी जे पात्राबद्दल म्हटले तेच हा दुसऱ्या भाषेत म्हणतो आहे. या दोघांत साठेक वर्षांचेच अंतर होते.

खानापूरकर, तुमच्या मातोश्रींनी सांगितलेला माणूस आमच्या घरात 'पात्रावरचा' म्हणून ओळखला जाई. त्याला डुलकी लागण्यापेक्षा मोठी भीती दुसरीच होती. पात्राला वाहिलेल्या कुंकवाचा किंवा अक्षतेच्या तांदळाचा कण छिद्रात अडकला की घटका लांबत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एका लग्नात आमच्या वडिलांसमोर घटका चांगली पाऊण तास चालली होती, तेव्हापासून आमच्याकडे कुंकू पात्राला न लावता घंगाळाला बाहेरून लावतात.

---

दखनी (हुक्केरी)

सरांनी आणि गुरुजींनी यंत्र उलगडले आहे, म्हणून मी शब्दांपुरते बोलतो. मी उर्दू शिकलेला, घरी दखनी बोलणारा आणि शाळेत मराठी-कन्नड दोन्हींत वाढलेला माणूस आहे, त्यामुळे हा धागा मला फार जवळचा वाटला.

पहिली गोष्ट, ही वाटी फक्त हिंदुस्थान आणि आमिद यांच्यातलीच नाही. इराणच्या कोरड्या भागात जमिनीखालून पाणी आणणारे कनात असतात. त्यांच्या पाण्याची शेतकऱ्यांमध्ये वाटणी करायला हीच भोकाची वाटी शेकडो वर्षे वापरली गेली आणि तिला 'पंगान' म्हणतात. अरबीतला 'फिंजान', म्हणजे छोटा पेला, हा याच शब्दाचा भाऊ. एका शेतकऱ्याची पाळी किती वाट्यांची हे ठरलेले असे आणि वाटीपाशी एक विश्वासू माणूस बसे. आपल्याकडे मुहूर्तासाठी जो बसे तो तिकडे पाण्याच्या पाळीसाठी बसे. अशी वाटी एवढ्या मुलखात रोज बुडत असताना ती कोणी कोणाकडून उचलली हा प्रश्न मला तरी फार उपयोगाचा वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. फारसीत 'तास' म्हणजे वाटी, पेला, पसरट भांडे. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने चौदाव्या शतकात फिरोजाबादेत वेळ कळवण्यासाठी 'तास-ए-घडियाल' बसवले, असे त्याच्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्या अफीफने नोंदवले आहे. त्या जोडशब्दाकडे नीट पाहा. 'तास' तिकडचा आणि 'घडियाल' घटिकेवरून आलेला इकडचा. वाटी आणि तिच्या बरोबरची थाळी यांना मिळून हे नाव पडले. पुढे मराठीत 'तास' म्हणजे आधी ठोका देण्याची ती काशाची थाळी, आणि मग त्या थाळीवरून मोजलेला वेळ. आपण 'किती वाजले' असे विचारतो ते त्या थाळीमुळेच, हातावरच्या घड्याळातून कधी काही वाजत नाही. 'घड्याळ' हा शब्दही मुळात त्या थाळीचाच.

आपल्या भागात याचा पुरावा रोज कानावर पडतो. म्हैसूरकडचा कन्नड माणूस एका तासाला 'गंटे' म्हणतो. आमचा हुक्केरी, चिक्कोडी, गोकाकचा माणूस कन्नड बोलतानाही 'ताशु', 'तासु' म्हणतो. बेंगळुरूहून आलेल्या अधिकाऱ्याला 'अर्धा तासु' म्हटले तर तो क्षणभर थांबतो. त्याच वेळी घटिकापात्राला कन्नडात 'गळिगे बट्टलु' म्हणतात आणि त्यातली 'गळिगे' ही आपली घटिकाच आहे. म्हणजे एकाच वाटीचे संस्कृत नाव लग्नात राहिले आणि फारसी नाव रोजच्या वेळेत राहिले. मराठी माणूस 'घटका भरली' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काळ संपल्याचा अर्थ असतो, 'शेवटच्या घटका मोजणे' यातही तेच पात्र आहे, आणि 'तासाभरात येतो' म्हणतो तेव्हा त्याला कोणतेही भांडे आठवत नाही.

चित्रातल्या हत्तीबद्दल खानापूरकरांनी विचारले होते. हत्ती पाहून पान हिंदुस्थानी ठरत नाही. हत्ती, माहूत आणि अंकुश ही आपल्याकडची ओळख अरबी-फारसी जगात जुनी होती आणि दरबारी थाट दाखवायला ती उपयोगी पडे. गंमत म्हणजे आपण त्या मनोऱ्याला सहज 'अंबारी' म्हटले, तो शब्द मात्र तिकडूनच आपल्याकडे आलेला आहे. सर्प चीनचे, पक्षी मिसरचा, पाणी ग्रीकांचे अशी वाटणी करून हे घड्याळ म्हणजे सगळ्या जगाची एकी आहे असे सांगणारे लेख पुष्कळ फिरतात. वाचायला ते बरे वाटतात, पण ग्रंथातला मजकूर साखळीच्या लांबीत, पत्र्याच्या जाडीत आणि भोकाच्या मापात रमलेला आहे. भाग ओळखण्यासाठी तो आकृत्यांवर अक्षरे घालतो आणि त्या अक्षरांना धरून सांगत जातो. मला वाटते त्याला भेटायचे असेल तर तिथेच भेटावे.

---

खानापूरकर (खानापूर)

सर्वांचे मनापासून आभार. एका वाटीबद्दल एवढे हाती लागेल असे वाटले नव्हते.

गुरुजींनी सांगितलेली भास्कराचार्यांची रीत वाचल्यावर राहवेना, म्हणून रविवारी अंगणात घंगाळ मांडून पात्र तपासले. पहिल्यांदा ते बुडायला २७ मिनिटे लागली. भोकाकडे भिंगातून पाहिले तर कडेला हिरवट थर धरलेला होता. आईने चिंच आणि मीठ लावून ते घासून दिले, भोकात मात्र काहीही खुपसू दिले नाही, कारण सुई घालून मोकळे करायला गेले तर भोक मोठे होईल आणि पात्र कायमचे वाया जाईल असे तिचे म्हणणे पडले. ते बरोबरच होते. नंतर गाळलेल्या पाण्यात सलग पाच वेळा सोडले. पाचही मिळून १ तास ५७ मिनिटे झाली, म्हणजे एका वेळेला २३ मिनिटे आणि काही सेकंद. अहोरात्र बसण्याइतका धीर नव्हता, पण एवढ्यावरूनही पणज्यांच्या तांबटाला दाद द्यावीशी वाटली.

या प्रयोगात सरांचे म्हणणे हाताला कळले. वाटी बुडते तो क्षण डोळ्यांदेखत निसटतो. पाणी काठाला आले की ती अजून तरंगते आहे असे वाटत राहते आणि पुढच्या क्षणी तळाला गेलेली असते. मग हात घालून ती काढा, ओता, पाण्याच्या लाटा शांत होईपर्यंत थांबा आणि पुन्हा सोडा, यात दर वेळी थोडा वेळ जातो. तो घटकेत धरायचा की सोडायचा हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. तिसऱ्या खेपेला शेजारचे काका बोलायला आले आणि मी मान वर केली तेवढ्यात वाटी बुडाली. नक्की कधी बुडाली ते सांगायला माझ्याकडे ना पक्षी होता, ना माहूत. त्या सर्पाची किंमत तेव्हा समजली.

दखनीसाहेब, आपले 'तासु' वाचून आईला फार आनंद झाला. तिचे माहेर चिक्कोडीकडचे आहे आणि सासरी आल्यावर तिच्या कन्नडला हसणाऱ्यांना आता उत्तर मिळाले असे ती म्हणते.

बहिणीला मी ते पान पुन्हा प्रत्यक्ष पाहून यायला सांगितले होते. तिने कळवले की कागदावरची चित्रे उजेडाने विटतात म्हणून ती कायम मांडून ठेवत नाहीत, काही काळाने आत नेतात. चित्र मात्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येते. मी ते छापून घेतले असून घंगाळाच्या वर भिंतीला लावले आहे.

लग्नात या वेळी घटका खरोखर भरायची असे घरात ठरले आहे. पात्रावर बसायला दहावीतला पुतण्या तयार झाला आहे. मोबाइल जवळ ठेवायचा नाही या अटीवर त्याने थोडी कुरकुर केली.

---

पंचांगी (निपाणी)

पुतण्याला दोन गोष्टी सांगून ठेवा. पात्र पाण्यावर सोडण्याआधी आतून पूर्ण कोरडे पुसायचे, कारण तळाला राहिलेले थोडे पाणीही घटका आखूड करते. आणि मांडव थंडीचा असेल तर घंगाळात पहाटेचे गार पाणी थेट भरू नका, ते रात्रीच भरून घरात ठेवा. गार पाणी भोकातून रेंगाळत वर येते. कुंकवाचे मी वर सांगितलेच आहे.

---

तरफ (टिळकवाडी, बेळगाव)

आणि वाटीच्या काठाला एक बारीक दोरा बांधून त्याचे दुसरे टोक टेबलाच्या कडेवरून टाकलेल्या छोट्या घुंगराला जोडून पाहा. दोरा जरा सैल ठेवा, म्हणजे वाटी तरंगत असताना त्याचा ताण येणार नाही. बुडताना तो आपोआप ओढला जाईल आणि घुंगरू वाजेल. निदान पुतण्याला मान वर करायची मुभा मिळेल.